तुझ्या घरामागचा मुरूम

कौसल्याबाई, काल तुझी तेरवी झाली. माणसं भरपूर आली होती. ज्या बायांनी तुला आठ वर्षं नळावर ‘खूणचोर’ म्हटलं, त्यांनीच काल भात परत-परत मागून घेतला आणि हात धुता धुता म्हणाल्या, “बहुत जीव लावे बिचारी.” मी वाढत होते. वरणाचा डाव कोणाच्या तरी डोक्यात हाणावा असं फार वाटलं. हाणला नाही, कारण तुझ्या नावाला तो डाग त्यांनी लावला नव्हता. मी लावला होता. काल दुपारपर्यंत हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तुलासुद्धा नाही.

हे मी वस्तीच्या मंडळाच्या जुन्या वहीत लिहिते आहे, मागची पानं कोरी होती म्हणून. आपल्या ओळीत दहावी झालेली मी एकटी, त्यामुळे ही वही माझ्याच गळ्यात पडली होती. तू दाराशी मासोळी साफ करत बसायचीस आणि माझं लिहिलेलं वाचून दाखवलं की खो-खो हसायचीस. “काऊन वो अहेरीवाले, बोलतं इथलं अन लिहितं पुन्याचं?” आज हसायला कोणी नाही, तर लिहू दे मला पुण्याचं.

तू आरमोरीकडच्या तलावावरची, मासोळी धरणाऱ्या ढिवराची लेक. मी अहेरीच्याही पलीकडची, जंगलातल्या गोंडाच्या गावची. नवऱ्यामागे या शहरात आले तेव्हा मला सातवा महिना होता, आणि भिलाईला काम बघतो म्हणून गेलेला नवरा परत आला नाही. माझं बाळंतपण तू केलंस. मुलीला बारा दिवस तू न्हाऊ घातलंस. स्वतः विधवा, पदरात प्रभाकर, डोक्यावर ताडपत्रीचं छप्पर, आणि मला म्हणायचीस, “पडून राय चुपचाप. उठली तं पाय तोडीन.” असली माया तुझी. शिवी दिल्याशिवाय कोणाला पाणीसुद्धा दिलं नसशील.

मग रस्ता रुंद झाला, आपल्या झोपड्या उठल्या, आणि बदल्यात तलावाच्या सांडव्याखालची ही पट्टी मिळाली. चाळीस घरं, चाळीस तुकडे. कोणी कुठे बांधायचं ते तुम्हीच ठरवा, एवढं बोलून साहेब जीपमध्ये बसून गेले. वरची ओळ रस्त्याला लागून, कोरडी. खालची ओळ नाल्याकडे. तलाव भरून सांडवा वाहू लागला की पाणी आधी कोणाच्या चुलीत शिरणार, हे सांगायला साहेब लागत नव्हता.

त्या दिवशी चिंचेखाली जे भांडण झालं ते आपलं अजून मिटलेलं नाही बरं का. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, “खूण टाकू.” ढिवरांना सांगायची गरज नव्हती, आम्हा बाकीच्यांना तू समजावून सांगितलंस. तलावातून जाळं बाहेर आलं की घर तेवढे मासोळीचे ढीग लावायचे. प्रत्येक घरानं आपली एक खूण द्यायची, कोणी बांगडीचा तुकडा, कोणी खडा, कोणी बिडी. सगळ्या खुणा एकाच्या ओटीत. त्यानं डोळे बांधून एकेका ढिगावर एकेक खूण ठेवत जायचं. ज्याची खूण ज्या ढिगावर पडेल, तो ढीग त्याचा. तोंड वाकडं करायचं नाही. आणि खुणा टाकणाऱ्याला शेवटी उरेल ते.

मला ते पटलं नाही. आमच्या गावी मोहाची झाडं घराघरानं वाटून घेतलेली असायची, आणि गावाजवळची झाडं ज्यांना लांब चालवत नाही त्यांची. म्हाताऱ्यांची, अवघडलेल्या बायांची. धडधाकट माणसानं तिथलं एक फूल वेचलं तर गाव त्याला हसायचं. मी म्हटलं, “सोमाभाऊचा पाय अधू हाये. त्याले खालती पाठवून कसं जमन? तू मासोयीचे ढीग आधी हातानं सारखे करते, मंग खूण टाकते. इथी ढीग सारखे कुठी हाये?”

“अन कोन लाचार, कोन नाई, हे ठरवन कोन?” तू म्हणालीस. “ज्याचा आवाज मोठा, तोच सगळ्यात लाचार होते, पाहजो. खुनेले भाऊबंद नसते वो.”

“मंग खालच्यानं बुडाचं?”

“बुडाचं काऊन? खून आधी, सारखं मंग. ज्याले वरची जागा भेटन त्यानं उन्हायात खालच्याच्या जोत्याले मुरूम टाकाचा. दरसाल. पाच सालात खालची ओळ वरच्या ओळीबरोबर येते का नाई, पाय तू.”

सगळे तुझ्या बाजूनं झाले. सोमाभाऊ तर सगळ्यांत आधी. तो म्हणाला, मले कोनाची भीक नको, खून टाका. माझा पार संताप झाला. आणि तू काय केलंस? खुणा टाकायला मलाच उभं केलंस. म्हणे हिचा कोणी भाऊ नाही, दीर नाही, आणि ही तर खुणेच्या विरोधात आहे, हिच्यापेक्षा साफ हात कोणाचा? स्वतःच्या दुपट्ट्यानं माझे डोळे बांधलेस. त्या दुपट्ट्याला मासोळीचा वास होता.

आता ऐक. पळसाची पानं मांडली होती, रस्त्याच्या टोकापासून, एका जागेला एक पान. मी वाकून एकेक खूण ठेवत चालले आणि मनात पानं मोजत गेले. वरच्या ओळीची वीस. एकोणीस ठेवून झाल्या. विसाव्या पानाला ओटीत हात घातला तर बोटात चिचोका आला. चिमटीत धरला होता, ठेवणारच होते. तेवढ्यात करंगळीला गोळी लागली, जाळ्याला खाली ओवतात ती भाजलेली मातीची गोळी. खुणा देताना सगळ्यांनी पाठी फिरवल्या होत्या, कोणाची कुठली ते मला दिसलं नव्हतं. पण तू दुसरं काय देणार होतीस बाई? तुझ्या घरात दुसरं होतं काय?

मी चिचोका सोडला आणि गोळी ठेवली. पुढच्या पानावर, म्हणजे खालच्या ओळीच्या पहिल्या जागेवर, चिचोका. एवढंच. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात झालं. मला वाटलं, तिनं माझ्या लेकराला न्हाऊ घातलं, मी तिला कोरडी जमीन दिली. खरं सांगू? थोडा रागही होता. घे तुझी खूण, असं मनात म्हटलं मी. मला शेवटचं उरलं ते नाल्याच्या अगदी काठावरचं, त्याचं काही वाटलं नाही.

दुपट्टा सोडला तर चिचोका सोमाभाऊचा निघाला.

तो काठी आपटत पुढे आला. “मैत्रिनीच्या हातानं मैत्रिनीले बरी रस्त्यावर जागा भेटली!” लोक कुजबुजायला लागले. तू माझ्याकडे वळलीस. तुझा तो चेहरा माझ्यासमोरून आजही हलत नाही. तू विचारलंस, “सांग वो, जे हाताले लागलं तेच ठेवलं ना?”

मी म्हटलं, “हो.”

मग तू आपल्या गाठोड्यातून सासऱ्याचं जाळं काढलंस, त्यावर हात ठेवलास आणि चाळीस घरांसमोर म्हणालीस, “माह्या जाळ्याची शपथ. हिचा हात खोटा नाई.” तुमच्यात जाळ्यावर हात ठेवून कोणी खोटं बोलत नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. तू खोटं बोलली नाहीसच. तुझ्याकडून मी बोलवून घेतलं.

त्या दिवसानंतर वस्ती कशी झाली ते तू पाहिलंस, मीही. नळाच्या पाळीसाठी तू खुणा मागितल्यास, चारच घरांनी दिल्या. नालीवर फरशी आधी कोणासमोर बसवायची, त्यावर डोकी फुटली. खुणेवरचा विश्वास उडाला तशी मोठ्या आवाजाची दोघं-तिघं मंडळात बसली, आणि पाण्याची चांगली वेळ त्यांच्या दाराशी गेली. अगदी तू म्हणाली होतीस तस्सं. मी वहीत ठराव लिहीत होते आणि खाली मान घालून सही घेत होते.

तरी तू उन्हाळ्यात मुरूम आणायची थांबली नाहीस. टेकडीकडून टोपल्या भरून आणायचीस, तू आणि प्रभाकर. पहिल्या वर्षी वरच्या ओळीतली आणखी सहा-सात घरं आली होती तुझ्यामागे. सोमाभाऊ त्याच्या दारात काठी आडवी धरून बसला. “चोराच्या घरचा मुरूम माह्या जोत्याले नको.” बाकीच्यांना निमित्तच पाहिजे होतं. त्यांनी टोपल्या तिथेच पालथ्या घातल्या आणि गेले घरी. तू तुझी टोपली परत आणलीस आणि घरामागे ओतलीस. दुसऱ्या वर्षी परत. तो परत नाही म्हणाला, तू परत मागे ओतलीस. मी म्हणायचे, कशाला मरमर करतेस? तू म्हणायचीस, “बुढा आज ना उद्या हो म्हनन. तवा मुरूम कुठून आनू ऐन टायमाले?” त्या ढिगावर तरोट्याची झुडपं उगवायला लागली, तरी तुझं चालूच.

आणि पावसाळ्यात तोच सोमाभाऊ तुझ्या डोंग्यात. सांडवा फुटल्यासारखा वाहायचा, खालच्या ओळीत मांडीभर पाणी, आणि तू सासऱ्याचा तो कोरलेल्या लाकडाचा डोंगा ढकलत त्याच्या दाराशी. त्याला उचलून बसवायचीस. तो काठी छातीशी धरून ताठ बसायचा आणि रस्त्यापर्यंत तुला शिव्या द्यायचा. “माह्या जागेवर निजते अन मले पान्यात फिरवते, खूनचोर!” तू म्हणायचीस, “हो हो, दे शिव्या, पन हालू नको, डोंगा पलटन.” एका वर्षी त्याची शिवी अर्ध्यात अडली, खोकला आला. तू म्हणालीस, “थांब भाऊ, पानी पी, मंग बाकीची दे.” मी मागून माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन चालत होते. तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाही मी.

एकदा उघडणार होते. तुझ्या दाराशी बसून मरळ साफ करत होतो दोघी. मी म्हटलं, “बाई, त्या दिवशी…” तू विळ्यावरून मान वर न करता म्हणालीस, “त्या दिवसाचं नाव नको काढू. तुह्या हातावर शपथ घेतली, झालं. लोकायचं तोंड सडो.” मी परत मरळ खरवडायला लागले. भ्याडाला काय, तेवढंच पुरतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फक्त मी खोटी ठरले असते. नंतर वाटायला लागलं, आता सांगितलं तर दोघी ठरू. आणि मग तर सवयच झाली, गं.

या वर्षी पाणी सकाळीच आलं. तुझे गुडघे गेलेले, प्रभाकर राईस मिलवर. मी म्हटलं, थांब, त्याला फोन करते. तू थांबलीस तर कौसल्याबाई कसली! सोमाभाऊला रस्त्यावर सोडून परत फिरताना पाण्यातला पत्रा तुझ्या पोटरीला लागला. हळद भरलीस, वर फडकं बांधलंस. ताप चढला तरी चार दिवस दवाखान्याचं नाव काढू दिलं नाहीस. “मासोयीच्या काट्यानं काय कमी लागते का?” शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाण्यातलं विष रक्तात गेलं, उशीर झाला. लोक म्हणतात पुरानं गेली. कोणी म्हणतं, हट्टानं गेली. मला माहीत आहे तू कशानं गेलीस. चिचोका जिथे पडणार होता तिथे पडू दिला असता, तर सोमाभाऊ रस्त्यावर राहिला असता आणि त्या सकाळी तू त्या पत्र्याजवळ गेली नसतीस. खालची जागा तुझी असती, तू पाणी ओळखणारी, पाण्यात जन्मलेली, केव्हाच वर निघून आली असतीस. मी तुला वाचवायला गेले होते, बाई. वाचवायला!

म्हणून काल पंगतीत, तो डाव हातात असतानाच मी बोलले. काही ठरवलं नव्हतं. “खून मी सरकवली होती. कौसल्याबाईले मालूम नवतं. तिनं माह्या भरवशावर शपथ घेतली.”

जेवणारे हात थांबले. सोमाभाऊ भिंतीशी पाय लांब करून बसला होता. त्यानं पत्रावळीवरून नजर काढली नाही.

“चिचोका होता काय हातात?”

“हो.”

“वरच्या ओयीचा शेवटला?”

“हो.”

“मी तिले डोंग्यात बसून शिव्या देल्या.”

“हो.”

“अन तू मांगून चालत होती.”

मी डाव खाली ठेवला. मग तो एवढंच म्हणाला, “त्या शिव्या तुह्या होत्या.” कोणीतरी बाई रडायला लागली. मला ते रडणं ऐकवत नव्हतं.

प्रभाकर उठला. पोर तुझंच, शंका नको. हात जोडून म्हणाला, “सोमाभाऊ, मंग घर तुमचं हाये. आम्ही खालती जातो.”

“मायच्या तेरवीले पोराले घराभाईर काढाले लावतं का मले?” सोमाभाऊ ओरडला. “अन फुकटात मी घेत नाई. खून टाका. आत्ता टाका. दोनच. जे पडन ते पडन.”

चिंचेखालून त्यानं स्वतः चिचोका उचलला. प्रभाकरनं घरातून गोळी आणली, त्याच जाळ्याची. दोन पत्रावळी मांडल्या, एक रस्त्याच्या जागेची, एक खालच्या जागेची. टाकायचं कोणी? मी एक पाऊल पुढे झाले असेन, सवयीनं. सोमाभाऊनं काठी आडवी केली. शेवटी चामोर्शीकडून भाजी घेऊन येणारी बाई जेवायला थांबली होती, तिला बोलावलं. तिला आपली कोणाचीच नावं धड माहीत नव्हती. तिचे डोळे बांधले तुझ्याच दुपट्ट्यानं.

तुझी गोळी रस्त्याच्या जागेवर पडली, बाई. कोणी न ढकलता, सगळ्यांच्या उघड्या डोळ्यांसमोर. चिचोका खाली.

सोमाभाऊनं दोन्ही पत्रावळी वाकून नीट पाहिल्या आणि म्हणाला, “साफ पडली.” बस. आठ वर्षं ज्यासाठी तू तरसलीस, ते एवढंच. तोंड वाकडं नाही, शिवी नाही. खूण साफ पडली तर माणूस मानतो, हे तुझं खरं झालं. आणि खूण साफ पडूनही अधू पायाचा म्हातारा पाण्यातच राहिला, हे माझं. आता कोणाशी भांडू मी? तू असतीस तर तिथल्या तिथे म्हणाली असतीस, “माह्यं बोलनं अर्धंच ऐकते तू. खून आधी, सारखं मंग.”

ते मला आठवलं नाही. सोमाभाऊला आठवलं. तो काठी टेकत तुझ्या घरामागे गेला, आम्ही सगळे त्याच्या मागे. आठ उन्हाळ्यांचा तो ढीग, त्यावर कमरेएवढा तरोटा. त्यानं काठीनं तरोटा बाजूला सारून खालचा मुरूम पाहिला. मग वळला आणि म्हणाला, “प्रभाकर, तुह्या मायचा मुरूम आन माह्या जोत्याले.”

तरोटा उपटला. वरच्या ओळीतल्या बाया आपापल्या घरून टोपल्या घेऊन आल्या, हो, त्याच, नळावरच्या. प्रभाकरनं पहिली टोपली नेली. एकामागून एक सगळ्या निघाल्या, तेरवीची लुगडी नेसलेल्या. तू असतीस तर हसून हसून खाली बसली असतीस. मीही तुझी टोपली घेतली, काठ तुटलेली, चिंधी बांधलेली, आणि भरून डोक्यावर ठेवली. सोमाभाऊच्या दारापर्यंत पोचले. तो उंबऱ्यावर बसला होता.

“तू नको,” तो म्हणाला. “तुह्या हातचा नको.”

सगळ्यांसमोर म्हणाला. प्रभाकर मध्ये पडायला आला, मी त्याला मानेनंच नको म्हटलं. टोपली डोक्यावरून उतरवली आणि त्याच्या दाराबाहेर खाली ठेवली.

आज संध्याकाळपर्यंत ती तिथेच आहे, भरलेली. उद्या मी परत नेऊन तुझ्या घरामागे ओतीन. बुढा आज ना उद्या हो म्हणेल.